चौथऱ्यावरची लाल फुली

वसईला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सांगलीत प्रत्येक जण आधी किल्ल्याचं विचारतो. किल्ला मी पाहिला नाही. एकदा लांबून बुरूज दिसला, तोही जीपच्या मागच्या बाकावरून, मांडीवर जड पेटी सांभाळत. मग विचारतात, "अगं, मग इतके दिवस तिथं केलंस काय?" पृथ्वी आपल्याला किती जोरानं खाली ओढते ते मोजत होते, असं म्हटलं की समोरचा हसतो. "त्यात मोजायचं काय? नऊ पूर्णांक आठ! शाळेत पाठ केलंय आम्ही."

तिथूनच माझं डोकं तापायला लागतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि या नऊ पूर्णांक आठनं मला छळलंय. हा आकडा सगळीकडे सारखा नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही. स्वतःभोवती फिरून फिरून ती मधोमध फुगली आहे, त्यामुळे विषुववृत्तावरचा माणूस तिच्या मध्यापासून जरा लांब उभा असतो आणि त्या गिरकीनंही थोडा हलका होतो. ध्रुवाकडे जावं तशी ओढ वाढते. डोंगर चढला की कमी होते. पायाखाली जड, घट्ट खडक असला तर जास्त, गाळ आणि चिखल असला तर कमी. आपल्या देशाच्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या पलीकडे, ही ओढ इतकी कमी आहे की भर समुद्रात पाण्याची पातळीच शंभरेक मीटर खाली बसली आहे. उतार एवढा सावकाश की वरून जाणाऱ्या जहाजाला पत्ता लागत नाही. इतकी नवलाची गोष्ट, आणि आपण ती दोन आकड्यांत कोंबून पोरांच्या गळी उतरवतो.

पण माझा खरा राग यावर नाही. ज्या गोष्टीवर आहे ती पुढे येईलच, आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले.

वाडी

सबनीस एम.एस्सी.ला माझ्या पुढे होते. आता ते एका सरकारी खात्यात साहेब आहेत. वसईच्या पट्ट्यात जागोजाग गुरुत्वाकर्षण मोजायचं काम त्यांच्याकडे आलं, ऐन वेळी त्यांचा नोंदी घेणारा माणूस आजारी पडला, आणि नाताळच्या सुट्टीत येता का म्हणून त्यांनी मला विचारलं. मी एका पायावर तयार झाले. सबनीस, ड्रायव्हर गफूरभाई, मी आणि ती पेटी, अशी आमची वरात.

पेटीच्या पोटात एक नाजूक स्प्रिंग असते आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. जिथं ओढ जास्त तिथं स्प्रिंग जरा जास्त ताणली जाते. स्क्रू फिरवून पेटी सपाट करायची, वरच्या भिंगाला डोळा लावायचा आणि आतली रेघ स्थिर होईस्तोवर श्वास रोखून बसायचं. आजूबाजूला कुणी चाललं तरी रेघ थरथरते. आणि ही स्प्रिंग मोठी लहरी. दिवसभरात ती आपली आपणच थोडी सैल पडते. म्हणून सकाळी एका पक्क्या जागी माप घ्यायचं, मग चार ठिकाणी हिंडायचं, दुपारी परत त्याच जागी यायचं, पुन्हा हिंडायचं आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच. मनगटावरचं घड्याळ आपण रेडिओच्या वेळेशी ताडून बघतो, तसंच. शेवटचं माप हुकलं तर मधल्या सगळ्या मापांवर पाणी.

ही पक्की जागा होती राजोडीच्या वाटेवर, भागीरथीबाईंच्या वाडीत. सगळी आळी त्यांना भागीकाकी म्हणायची, मीही म्हणायला लागले. त्यांच्या विहिरीजवळ जुन्या रहाटाचा दगडी चौथरा होता. रहाट जाऊन पंप आला, पण चौथरा भूकंपालाही दाद देणार नाही असा. सबनीसांनी मे महिन्यातच येऊन तो हेरला होता आणि त्यावर लाल रंगानं मोठी फुली मारून ठेवली होती. "कुणाला विचारून मारलीत?" असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "सरकारी कामाला काय विचारायचं?" साहेबांनी उलट मलाच ऐकवलं.

बायकांना उतरायची सोय नव्हती म्हणून साहेब आणि गफूरभाई वसईच्या विश्रामगृहात, आणि मी काकींच्या घरी. काकी साठीच्या, विधवा, अंगानं भरभक्कम, कपाळावर गोंदण. एक मुलगा मुंबईला बँकेत, शनिवार-रविवार येणारा. वाडी त्या स्वतः बघायच्या. केळी, नारळ, कुंपणाला मोगरा, मागे पानवेलींचा मांडव आणि उताराला बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी जिरवायचं वाडीतलं तळं. आमच्याकडे विहीर आटली की आणखी खोल खणतात. इथल्या लोकांनी आधी पाणी जमिनीला पाजायचं आणि मग विहिरीतून काढायचं अशी रीत घातली आहे. काठावर उभी राहून मी दहा मिनिटं नुसतं ते हिरवं पाणी बघत होते.

जेवणाचं विचारू नका. आम्ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले. इथं तांदळाची भाकरी, पापुद्र्यासारखी, आणि ताज्या बोंबलांचं कालवण. पहिल्याच घासाला माझ्या घशात काटा गेला, बोंबलाचा की आणखी कसला देव जाणे, आणि मी डोळे पांढरे केले. काकींनी भाताचा मुटका माझ्या तोंडात कोंबला. "चावू नको, गिळ! मावरा खायचा म्हंजे बोलायचं नाय." जेवणानंतर सुकेळी. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधतात, ती मधासारखी गोड होतात. मी एका बैठकीत सहा खाल्ली आणि काकी बघत राहिल्या.

एक मात्र खटकायचं. आळीतल्या बायका काकींकडे आपल्या बोलीत गप्पा मारत बसलेल्या असायच्या, ती बोली मला धड कळायची नाही, पण मी आत शिरले की ती थांबायची. काकी माझ्याशी चांगल्या बोलायच्या. तरी त्यांच्या वाढण्यात एक प्रकारची घाई होती, पाहुण्याला खूश ठेवायची. मला वाटलं, शहरातून आलेली मास्तरीण म्हणून लाजत असतील.

आणि तो पंप. पंप चालू असला की चौथरा हादरतो, म्हणून प्रत्येक खेपेला तो बंद करावा लागायचा. सबनीस जीपमधून उतरायच्या आधीच ओरडायचे, "पंप बंद!" केळीच्या पाटाला पाणी लागलेलं असायचं, वीज तिथं येऊनजाऊन, आणि काकी हातातलं टाकून बटणाकडे पळायच्या. माप झालं की साहेब एक शब्द न बोलता जीपमध्ये. काकींनी दिलेलं पाणी मात्र प्यायचे.

राजोडी

राजोडीला सुरूच्या झाडांखाली पेटी मांडली आणि तासभर आमची फजिती झाली. समुद्र समोर फुटतो, त्याचा धक्का वाळूतून थेट भिंगात. रेघ काही केल्या थांबेना. शेवटी गावात मागे येऊन एका देवळाच्या पायरीवर मांडली तेव्हा कुठं जमलं. किनाऱ्याच्या या पट्ट्याखाली जड खडक वर आलेला असावा असं जाणकार म्हणतात, त्यामुळे इथं ओढ अपेक्षेपेक्षा थोडी जास्त. मी आकडा लिहिताना खरोखर आनंदले. आपण ज्यावर उभे आहोत त्याच्या पोटातलं काहीतरी आपल्याला कळलं, हा आनंद मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा मोठा वाटतो.

बोंबील वाळत घालणारी एक बाई टोपली ठेवून जवळ आली. "पेटीत काय हाय? सोना शोधता?"

मी सांगायला तोंड उघडलं. सबनीसांनी मला थांबवलं. "काही नाही बाई, सरकारी काम आहे."

"सरकारी काम म्हंजे आमचं काय तरी जानार," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

जीपमध्ये मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, हे आकडे गोपनीय असतात. किनारपट्टीचे तर जास्तच. अग्निबाण-बिण सोडायला असले आकडे लागतात म्हणे. ठीक आहे, आकडे कुलपात ठेवा. पण पेटीत काय आहे हे सांगायला कसली आलीय गोपनीयता? ते तर माझ्या बारावीच्या पुस्तकात छापलेलं आहे! साहेब म्हणाले, "एकाला सांगितलं की दहा प्रश्न येतात. आपण मोजायचं आणि निघायचं."

देवळासमोर एक बुलेट उभी होती. तिचा मालक पांढऱ्या सफारीत, गळ्यात साखळी. हे बाबूशेठ. दोन दिवसांत मी त्यांना चौथ्यांदा पाहत होते. आम्ही जाऊ तिथं ते मागे असायचे आणि सगळ्यांसाठी शहाळी आणायचे. "काय लागलं तर बिनधास्त बोला मॅडम, आपलाच एरिया आहे." मग हळूच, "आज पण परत काकींकडे तीन टाइम ना?" मी हो म्हटलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. मी त्यांचं शहाळं प्याले. त्याचा मला आजही संताप येतो.

सोपारा आणि वालीव

नालासोपाऱ्याच्या खाडीकडे मिठागरांच्या बांधावरून जाताना जीप चिखलात बसली. गफूरभाईंनी तिला आणि साहेबांनी गफूरभाईंना शिव्या घातल्या. पेटी आडवी होऊ नये म्हणून मी ती तान्ह्या पोरासारखी उराशी धरून बांधावर उभी. मिठागरातली माणसं आली, खांदे लावले, जीप निघाली. हजारो वर्षांपूर्वीच्या सोपारा बंदराची ही खाडी, जहाजं यायची तिथं आता गाळच गाळ. गाळ हलका, म्हणून इथली ओढ देवळाच्या पायरीपेक्षा जरा कमी भरली. ज्यांनी खांदे लावले त्यांना तरी हे सांगावं, तर साहेब गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.

वालीवला गंमत झाली. तिथल्या कारखान्यांच्या रांगेत एके ठिकाणी माप घ्यायचं होतं, आणि शेजारच्या शेडमधला प्रेस धाडधाड पत्रा कापत होता. साहेब फोरमनला भेटायला स्वतः गेले, टाय सारखा करून. "तीन मिनिटं मशीन बंद ठेवता का, प्लीज?" फोरमन म्हणाला, "प्रॉडक्शन कोण देणार, तुम्ही?" साहेब मुकाट्यानं परत आले आणि आम्ही जेवणाची सुट्टी होईपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहिलो. मी म्हटलं, "फोरमनला प्लीज आणि काकींना नुसतं 'पंप बंद' असं का?" साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून पडलं आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

इनासभाऊंचं अंगण

काकींच्या वाडीला लागून इनासभाऊंची वाडी. घरावर नाताळची कागदी चांदणी लावली होती आणि पडवीत पोरांनी गवत पसरून गोठा मांडायला घेतला होता. शनिवारी अर्धाच दिवस काम होतं; दुपारचं शेवटचं माप आटोपून साहेब वसईला गेले, तेव्हा काकींनी मला सुकेळ्यांचं पान देऊन त्यांच्याकडे पाठवलं. इनासभाऊंच्या बायकोनं फुगे तळले होते. आपल्या पुरीपेक्षा जाड, आत पोकळ आणि किंचित गोड. आमच्याकडे सणाला शेजारी ताट पाठवतात ते झाकून, इथं उघडंच आणलं-नेलं जातं, येता-जाता कुणी एखादा उचलतो.

मी खात खात बाहेर पाहिलं, तर विहिरीपलीकडे तारेचं नवं कुंपण, सिमेंटचे खांब, आणि केळीच्या बागेत एकही झाड उभं नाही. नुसते बुंधे.

"बाग काढली?" मी विचारलं.

इनासभाऊ पन्नाशीचे, हडकुळे, कमी बोलणारे. "आता ती माझी नाय," ते म्हणाले.

"का विकलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातला फुगा हातात राहिला. "का विकली ते तुमी मला विचारता?"

मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात फुली पडली. पाऊस संपता संपता बाबूशेठ घरोघर फिरले. फुली म्हणजे सरकारनं जमीन हेरली. मोठा कारखाना येणार, चौथऱ्यापासून चारी बाजूंच्या वाड्या जाणार, सरकार मातीच्या भावानं घेईल आणि पैसे नातवाला मिळतील. त्यापेक्षा आत्ता मला द्या, मी पुढचं सरकारशी बघून घेतो. इनासभाऊंनी दसऱ्याच्या सुमाराला सही केली. बाकीचे थांबले होते. आता पेटी घेऊन माणसं आली, तीही रोज तीन-तीनदा त्याच चौथऱ्यावर, आणि आळीचा धीर सुटला.

"कुनी 'तसं काय नाय' म्हटलं नाय आमाला," इनासभाऊ म्हणाले. "जीप येते, पंप बंद करते, फुलीवर बसते, जाते. आमी काय समजायचं?"

"काकी?"

"सोमवारी जानार. वसईला, सही करायला."

मी उठले. निरोप घेतला की नाही, आठवत नाही. वाटेत मला एवढा राग आला होता की पायात काटा मोडला तो घरी गेल्यावर दुखायला लागला. स्प्रिंग सैल पडते म्हणून आम्ही परत परत यायचो हो! त्या एका स्प्रिंगच्या लहरीवर एक माणूस लोकांच्या वाड्या गिळत होता, आणि आम्ही त्याची शहाळी पीत होतो.

काकी मागच्या दारी नारळ सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. गोपनीय गेलं खड्ड्यात. फुलं तोलायचा त्यांचा स्प्रिंगचा ताणकाटा खुंटीला होता, तो काढून त्याला नारळ अडकवला. म्हटलं, आमच्या पेटीत असंच आहे, फक्त फार नाजूक. हाच नारळ पार उत्तरेच्या टोकाला नेला तर या काट्यावर किंचित जड भरेल, डोंगरावर नेला तर किंचित हलका. तराजूत नाही कळणार, कारण पारड्यातली मापंही तेवढीच जड-हलकी होतात. जमिनीखाली कुठं जड खडक आहे, कुठं गाळ, ते आम्ही असं वरून बघतो. आम्हाला जमीन नको. चौथरा हलत नाही, म्हणून तो हवा.

काकींनी काट्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. "आनि तीन-तीनदा?"

मी सैल स्प्रिंगचं सांगितलं. परतीचं माप हुकलं तर सगळं वाया जातं, हेही सांगितलं. उद्या संध्याकाळचं माप तर अख्ख्या कामाचं शेवटचं, तेही बोलून गेले.

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुला घरात ठेवली ती का, ठाव हाय? साहेबानं विचारलं तवा मला वाटलं, सरकारचं मानूस आपल्या घरचं जेवलं तर वाडी तरी ठेवतील."

त्या सहा सुकेळ्यांची मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला.

पुन्हा चौथऱ्यावर

रविवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून ते हादरतील. ते म्हणाले, "वाईट झालं. पण जमिनीचे व्यवहार आपलं खातं नाही." मी म्हटलं, "तुम्ही फक्त चार माणसांसमोर सांगा की फुलीचा आणि जमिनीचा संबंध नाही." ते म्हणाले, "उद्या खरंच कुठल्या दुसऱ्या खात्यानं जमीन घेतली तर? माझं नाव येईल. आणि तुम्हीही यात पडू नका." शिकलेल्या माणसाची भीती इतकी नीटनेटकी असते की तिला शिस्त म्हणायचा मोह होतो. दिवसभर आम्ही एकमेकांशी आकड्यांपुरतंच बोललो.

संध्याकाळी जीप वाडीत वळली तर पंप आधीच बंद. विहिरीभोवती आळी जमलेली, चर्चच्या कपड्यांतली आणि घरच्या कपड्यांतली, बाया-माणसं सगळी. काकींचा मुलगाही आला होता, बाजूला हाताची घडी घालून उभा. बाबूशेठ बुलेटला टेकून होते. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, हे सांगायला ते आले होते. आणि चौथऱ्यावर, बरोबर फुलीवर, भागीकाकी मांडी घालून बसलेल्या.

"काकी, उठा जरा," सबनीस म्हणाले.

"का?"

"माप घ्यायचंय."

"घ्या की. मी कुठं तुमची पेटी धरलीय?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत यांना!"

"हो," मी म्हटलं. "सगळं सांगितलं."

काकी म्हणाल्या, "साहेब, एकच विचारते. ही जागा सरकार घेनार काय?"

"ते मी बोलू शकत नाही. गोपनीय काम आहे."

"बघा काकी!" बाबूशेठ तत्काळ पुढे झाले. "मी काय बोललो होतो? साहेब नाही बोलतायत का? नाही ना? समजून घ्या तुम्ही."

मी तोवर गप्प राहायचं ठरवलं होतं. ते ऐकून मला राहवेना. मी साहेबांना त्यांच्या नावानं, कॉलेजातल्यासारखी हाक मारली आणि सर्वांसमोर ओरडले. म्हटलं, ऐकलंत? तुमची गोपनीयता हा माणूस विकतोय! तुम्ही तोंड मिटता आणि हा उघडतो. ज्या जमिनीची ओढ तुम्ही रोज तीनदा मोजता, तिच्या मालकिणीला तुम्ही एवढंही सांगणार नाही की ती जमीन तुम्हाला नकोय?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावळतीला नारळांच्या सावल्या विहिरीपर्यंत आल्या होत्या. अंधार पडला की भिंगातली रेघ दिसते, त्यात दिवा असतो. पण स्प्रिंग सैल पडत राहते, आणि विश्रामगृहाची खोली सकाळी सोडायची होती. हे मला माहीत होतं, आणि काकींनाही. त्यांनी पदर सारखा केला आणि आणखी ऐसपैस बसल्या.

"सरकारला ही जमीन नको आहे," साहेब शेवटी म्हणाले.

"मोठ्यानं. मागच्यांना आयकू जाऊ दे."

"आम्ही जमीन घ्यायला आलेलो नाही!" साहेबांचा आवाज चिरकला. "कारखान्याचं आम्हाला काही ठाऊक नाही. ही फुली म्हणजे पेटी ठेवायची खूण आहे, बस्स. तिचा आणि तुमच्या वाड्यांचा काही संबंध नाही. कुणी तसं सांगत असेल तर खोटं सांगतोय."

सगळ्यांनी बाबूशेठकडे पाहिलं. "मी कुठं काय बोललो? लोकांनीच उगाच अर्थ काढला," असं म्हणत त्यांनी बुलेटला किक मारली. ती पहिल्या दोन खेपांना लागली नाही. तिसऱ्यांदा लागली आणि ते गेले. काकींच्या मुलानं काकींना हात देऊन उठवलं. उठता उठता त्या म्हणाल्या, "सोमवारी मी कुठं जानार नाय. घ्या तुमचं माप."

मी पेटी मांडली. साहेब गुडघ्यांवर बसले आणि भिंगाला डोळा लावला. आता कुणी हलायचं नाही हे आळीला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. पोरंसुद्धा जागच्या जागी उभी राहिली.

त्या शांततेत इनासभाऊ बोलले. आवाज चढवून नाही, नेहमीसारखेच. "साहेब, हे मे महिन्यात का नाय बोलले? मी हितंच होतो. रंगाचा डबा मीच धरला होता. फुली कसली म्हनून मी विचारलं पन होतं तुमाला."

मी पेन्सिल धरून आकड्याची वाट पाहत होते. शेजारून मला भिंगातल्या दिव्याचा उजेड साहेबांच्या गालावर दिसत होता, स्क्रूवरचा त्यांचा हात केव्हाच थांबला होता. माप झालेलं होतं. साहेबांनी डोकं वर काढलं नाही.